चोर बाटली

त्या मुलीचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी उगीच माझ्या चांगुलपणाची वाट बघत बसायला नको.

वाळूजला एक लहान कारखाना आहे, तिथं मी केमिस्ट. आम्ही व्हिनेगर बनवतो. आमच्या शहरातली जुनी माणसं त्याला सिरका म्हणतात, आणि कारखान्यात आम्हीही सिरकाच म्हणतो. लोणचं, सॉस, हॉटेलातला लाल कांदा, सगळीकडं तो जातो. माझं काम म्हणजे टाकीतल्या सिरक्यात ॲसिड किती आहे ते तपासायचं. ॲसिड ठरल्याहून कमी भरलं तर माल टिकत नाही, बुरशी धरतो. म्हणून प्रत्येक टाकीची स्लिप निघायची, स्लिपवर माझी सही व्हायची आणि मगच टाकीचा नळ उघडायचा. वीस वर्षं ती सही माझी होती. खुद्द साहेबांनी सांगितलं तरी माझ्या सहीशिवाय नळाला कुणी हात लावत नसे.

तपासायची रीत सोपी, हात मात्र लागतो. ब्युरेट म्हणजे आकड्यांच्या खुणा असलेली उभी काचेची नळी, तिला खाली तोटी. त्यात ॲसिड मारणारं कॉस्टिक सोड्याचं पाणी भरायचं. खाली फ्लास्कमध्ये सिरका, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब. डाव्या हातानं तोटी सोडायची, उजव्या हातानं फ्लास्क फिरवत राहायचा. थेंब पडतो तिथं गुलाबी उमटतं आणि विरतं. पुन्हा उमटतं, पुन्हा विरतं. मग एक थेंब असा येतो की गुलाबी विरतच नाही. तिथं थांबायचं आणि किती कॉस्टिक गेलं ते वाचायचं. एक थेंब जास्त झाला की चूक. मी तर अर्ध्या थेंबावर थांबायचे. तोटीच्या टोकाला थेंब अर्धाच लोंबू द्यायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवून उतरवायचा आणि वरून पाण्यानं खाली ढकलायचा. माझा अर्धा थेंब बघायला दुसऱ्या कारखान्यांतले केमिस्ट येऊन गेलेत. मी तो दाखवायचेही, लग्नात आहेर दाखवतात तसा.

हे मला शिकवलं आमच्या जुन्या उस्तादांनी. जुन्या शहरातले, पान खाणारे, नेहमी पांढऱ्या कुडत्यात. एक पद्धत त्यांनी घालून दिली होती, चोर बाटलीची. दर शनिवारी ते नेमकं ॲसिड मोजून एक बाटली तयार करायचे. खरा आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. मग ती बाटली आम्हाला तपासायला लावायचे आणि शेवटी चिठ्ठी उघडायचे. कुणी अंदाजानं आकडे ठोकत असेल, तर तो तिथं सापडायचाच. उस्ताद म्हणायचे, "आँखां धोका देते बेटा, चोर बाटली नै देती."

बारा वर्षांपूर्वी ते रिटायर झाले आणि चोर बाटली मी करायला लागले. शिफ्टचे केमिस्ट आले आणि गेले, सगळ्यांना मी त्या बाटलीवर घासून घेतलं. मला मात्र कुणी घासलं नाही. बाटली माझीच, चिठ्ठी माझीच. मीच चोर आणि मीच फौजदार. बारा वर्षांत हे ना माझ्या ध्यानात आलं, ना दुसऱ्या कुणाच्या.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला ती आली. फुलंब्रीची, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारी, इथल्याच विद्यापीठातून एम.एस्सी. केलेली. पाठीला सॅक आणि हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात तिचं मशीन. दोन छोटे पंप, केसाएवढ्या बारीक भोकाच्या नळ्यांचं भेंडोळं, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि सगळं लॅपटॉपला जोडलेलं. शिकताना तिनं स्वतः जुळवलेलं. साहेबांनी मुलाखतीत ते पाहिलं आणि गडी खूश झाला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काय करतं गं हे तुझं बाळ?"

"ताई, आंघोळीच्या पाण्यात तुम्ही विसण घालता ना? तसंच हाय हे."

"सिरक्याला आंघोळ घालणार का तू?"

ती हसली. मला चिडून उत्तर हवं होतं आणि ती हसली, तिथूनच माझं डोकं फिरलं.

"समजा, गरम नळ आणि गार नळ दोन्ही चालू हायेत," ती म्हणाली. "बादलीत धार पडती ती तेवढीच राहिली पाहिजे. मग गरम जेवढं वाढवलं तेवढं गार कमी करायचं. इथं एक पंप सिरक्याचा, एक कॉस्टिकचा. कॉस्टिकचा वेग हळूहळू वाढतो, सिरक्याचा तेवढाच कमी होतो. पुढं नळीत दोन्ही मिसळतात, इंडिकेटर त्यातच असतो. गुलाबी झालं की हिरव्या उजेडाला ते कळतं, लाल दिवा लागतो आणि पंप उलटे फिरतात. कॉस्टिक कमी, सिरका जास्त. गुलाबी गेलं की दिवा विझतो, पंप पुन्हा उलटे."

"मग नेमक्या ठिकाणी थांबतं कुठं?"

"थांबतच नाय ताई."

"थांबत नाय?"

"मिसळलेलं पाणी उजेडापर्यंत पोचायला वेळ लागतो की. तेवढ्यात पंप पुढं गेलेला असतो. जाताना उशीर होतो, तसाच येताना बी उशीर होतो. दोन्हीकडनं सारखाच. मग दोन्ही आकडे घ्यायचे आणि मधला धरायचा. तो बरोबर निघतो."

"म्हणजे एकदा चुकायचं, उलटं फिरून परत चुकायचं आणि मधल्याला बरोबर म्हणायचं! वा गं वा. आम्ही वीस वर्षं उगीच बरोबर थांबायला शिकलो."

"व्हय ताई, तुमच्यासारखं थांबता आलं असतं तर कशाला केलं असतं हे," ती म्हणाली. खरंच कौतुकानं म्हणाली. मला तो टोमणा वाटला.

मशीन एका मिनिटात आकडा द्यायचं, आणि दर मिनिटाला देत राहायचं. मला एका टाकीला चहा गार होईपर्यंत वेळ लागायचा. साहेब दिवसातून चारदा येऊन त्या लाल दिव्याची उघडझाप बघत उभे राहायचे. पाहुणा आला की आधी मशीन. "चपला बाहेर काढा हं," असं पाहुण्यांना सांगायचे, देवघरात नेल्यासारखं. मग मशीनला उकाडा सोसत नाही म्हणून लॅबमध्ये एसी बसला. वीस वर्षांत मला टेबलफॅन मिळाला नव्हता. चैत्र-वैशाखात पदराला घाम पुसत मी अर्धे थेंब उतरवलेत. आणि हिच्या नळ्यांना गार वारा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एसी माझ्याही टेबलापर्यंत यायचा, पण मी स्वेटर घालून बसायचे. मुद्दाम.

मग मी तिला पाण्यात बघायला लागले. एसटी उशिरा आली की मी तिच्याकडं न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. चहा आला की "संपला वाटतं" म्हणायचे. तिच्या नळ्यांचा डबा हात पुरणार नाही अशा फळीवर ठेवायचे. ती स्टूल घेऊन मुकाट्यानं डबा काढायची आणि वर मलाच विचारायची, "ताई, भाजी खाता का? आईनं मेथी दिलीय." चांगली असायची मेथी. त्याचाही राग यायचा.

घरी, सिडकोत, नवरा म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस असतात. होईल जुनं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

"सवत आणल्यासारखी वागतेस म्हणून बोललो."

त्या दिवशी मी त्याला वरण-भातावर ठेवला. पण बोलला ते खरंच होतं.

कळस झाला खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या यंत्रांची, हत्यारांची पूजा असते, आणि उस्तादांच्या काळापासून पहिलं फूल ब्युरेटला. उस्ताद स्वतः बाजूला उभे राहून हसत बघायचे आणि प्रसादाचा पेढा सगळ्यांत आधी उचलायचे. त्या दिवशी साहेबांनी झेंडूची माळ उचलली आणि सरळ जाऊन मशीनवर घातली. ब्युरेटला नंतर एक फूल आलं, तेही देठ मोडलेलं. मी प्रसाद न घेता घरी गेले. अहो, पन्नाशीची बाई, आणि रिक्षात बसून फुलावरनं रडले.

दसरा झाल्यावर साहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. महिनाभरापूर्वी बाजारातून काही बाटल्या परत आल्या होत्या, आत बुरशीचा तवंग. झाकणं सैल असतील असं मीच सांगितलं होतं आणि सगळ्यांनी मानलं होतं. साहेब म्हणाले, "ताई, आता स्लिप मशीनची काढायची का तुमच्या हाताची, एकदाचं ठरू द्या. दोन शनिवार चोर बाटली लावू. चिठ्ठीशी ज्याचं जुळेल त्याची सही."

मी ताठ मानेनं म्हणाले, "बाटली हिलाच करू द्या, दोन्ही शनिवारी. माझीच बाटली मी तपासली तर उद्या बोलायला जागा राहील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या शनिवारी लॅबमध्ये आम्ही तिघंच. मी ब्युरेट लावली, अर्धा थेंब उतरवला, कागदावर लिहिलं: चार पॉइंट तीन. मशीननं सगळ्यांदेखत दिलं: चार पॉइंट दोन. साहेबांनी साखरेचा डबा उघडला, चिठ्ठी काढली. चार पॉइंट दोन.

"बाटली चुकली तुझी," मी ओरडले. "मापं तरी घेता येतात का गं? आकडा बघून मशीन लावलंस व्हय?"

ती माझ्या फ्लास्ककडं बघत राहिली. फ्लास्क अजून माझ्या हातातच होता. मग तिनं एकदा माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून घातली.

साहेब म्हणाले, "पुढच्या शनिवारी बघू ताई."

मंगळवारी ती डबा खायला गेली तेव्हा मी लॅबचं दार लावून घेतलं. मशीन खोटं आहे हे मला सिद्धच करायचं होतं. चालू कसं करायचं ते मी बघून बघून शिकले होते. पंप सुरू केले. लाल दिवा लागला, त्याच क्षणी मी बाहेर पडणाऱ्या नळीखाली टेस्ट ट्यूब धरली. दिवा म्हणतोय गुलाबी झालं. ट्यूब उजेडाला धरली. पाणी! स्वच्छ पाणी, गुलाबीचा पत्ता नाही. दुसरी ट्यूब धरली, तेच. सापडलास लेका! उगीच दिवा लावतंय आणि सगळं जग टाळ्या वाजवतंय.

साक्षीदार हवा म्हणून ट्यूब घेऊन मी तशीच पॅकिंगमध्ये पळाले. तिथं गंगापूरकडच्या एक बाई झाकणं लावत बसलेल्या असतात. ट्यूब त्यांच्यापुढं धरली.

"हे बघा, कसं आहे? पांढरंच आहे ना?"

त्यांनी बघितलं. "गुलाबी हाय की."

"नीट बघा."

"नीटच बघितलं. फिकं हाय, पर गुलाबीच." मग त्या माझ्याकडं बघायला लागल्या. "का वो ताई? तुम्हाला दिसंना का?"

शेजारच्या मुलीला दाखवलं. तीही म्हणाली, गुलाबी.

परत येऊन मी खुर्चीत बसले. मशीन पुढं-मागं करतच होतं, दिवा लागत होता, विझत होता. मी एकेका ट्यूबमध्ये धरत गेले. दिवा लागून बराच वेळ झाल्यावर, रंग चांगला चढल्यावर, तेव्हा कुठं मला गुलाबी दिसायला लागलं. म्हणजे ब्युरेटवरही मी तसंच करत होते. गुलाबी होऊन गेलेलं असायचं आणि मी आपली थेंब सोडत बसायचे. कॉस्टिक जास्त जायचं, ॲसिडचा आकडा फुगायचा, कमी ॲसिडच्या टाकीला मी पास म्हणायचे. त्याआधीच्या दिवाळीला गुलमंडीवरून मोतिया रंगाचं ब्लाउजपीस आणलं होतं. नवरा म्हणाला होता, "गुलाबी का आणलंस?" आणि मी त्याच्यावर खेकसले होते. झाकणं सैल नव्हती. माझी सही सैल होती.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "हळूहळू येतो, त्यामुळं कळत नाही," ते म्हणाले. "रंग मळतात." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी आयुष्यभर लोकांना ऐकवली होती.

आता कुणालाही वाटेल की मी त्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं असेल. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सही गेली असती, आणि गेली असती ती तिच्याकडं. ते मला मरणाहून वाईट वाटत होतं. रस्त्यात, बसमध्ये, जिथं तिथं मी तरण्या पोरींचे डोळे बघत होते. हिला दिसतं, हिलाही दिसतं. तिनं माझ्यासारखं वीस वर्षं काय केलंय? काही नाही. नुसते डोळे तरणे. शुक्रवारी भाकरी थापता थापता मला उपाय सुचला. मी किती वर जाते ते पहिल्या शनिवारनं दाखवून दिलंच होतं. पॉइंट एक. वाचायचं आणि तेवढं वजा करून लिहायचं. कुणाला कळणार?

दुसरा शनिवार. मी ब्युरेट लावली. अर्धा थेंब उतरवला, वाचलं: चार पॉइंट सात. कागदावर लिहिलं: चार पॉइंट सहा. उस्तादांनी शिकवल्यापासून न बघितलेला आकडा मी कधी लिहिला नव्हता. तो त्या दिवशी लिहिला आणि कागदाची घडी घातली.

मशीननं आकडा दिला. चार पॉइंट सहा.

साहेबांनी माझा कागद उघडला. चार पॉइंट सहा. "वा ताई!" ते म्हणाले. मला छातीतून वर काहीतरी चढत गेल्यासारखं वाटलं, इतका आनंद झाला. मग त्यांनी डबा उघडला, चिठ्ठी काढली, वाचली आणि पुन्हा वाचली.

"चार पॉइंट सात?"

साहेबांनी चिठ्ठी टेबलावर आपटली. "ताईंचा हात म्हणतोय सहा, मशीन म्हणतंय सहा, आणि तुझी चिठ्ठी म्हणते सात. म्हणजे बाटलीच चुकली तुझी! मागच्या शनिवारी ताई म्हणत होत्या तेच खरं. साधी बाटली भरता येत नाय आणि मशीनच्या गप्पा? दिवाळीनंतर तुला कायम करणार होतो, ते आता राहू दे. आणि ताई, सही तुमचीच. मशीन तुमच्या हाताखाली चालेल."

झालं. मला जे जे हवं होतं, ते एका दमात माझ्या पदरात पडलं. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरंही वाटलं. पण त्या चिठ्ठीवरचा आकडा मी ओळखत होते. पाचच मिनिटांपूर्वी तो मी माझ्या ब्युरेटवर वाचला होता. ह्या आजारी डोळ्यांना जो दिसायचा, तोच आकडा तिच्या अक्षरात चिठ्ठीवर होता. तो तिला आधीच कसा माहीत?

ती बेसिनवर फ्लास्क धूत होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"चिठ्ठीवर खरा आकडा लिहिला नव्हतास तू."

तिनं नळ बंद केला नाही. "नव्हता लिहिला, ताई."

"का?"

"मागच्या शनिवारी तुमच्या फ्लास्कातलं गुलाबी लई गडद होतं. तुम्ही कवाच तिथवर जात नाय, हे समदे सांगतात. मला वाटलं, तुम्हाला दिसंना झालंय. म्हणून तुम्ही जेवढं वर जाता तेवढं वाढवून लिहिलं. म्हटलं, मशीन हरू दे. मशीन हरलं तर मी दुसरीकडं जाईन. तुम्ही कुठं गेला असता?"

मी काही बोलायच्या आत तिनं ओले हात ओढणीला पुसले आणि माझ्याकडं वळली. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं.

"पण तुम्ही तर बरोबर वाचलं ताई! अगदी मशीनएवढं. मीच तुमच्या डोळ्यांवर शंका घेतली. माफ करा मला."

आयुष्यात मला कुणी अशी थोबाडीत मारली नव्हती.

"वाचलं नाही गं," मी म्हणाले. "वजा केलं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. नळ वाहतच होता. तो मी बंद केला, तिचा हात धरला आणि तिला साहेबांच्या खोलीत घेऊन गेले. सगळं सांगितलं. डोळ्यांचं, ट्यूबचं, वजाबाकीचं, चिठ्ठीचं आणि झाकणांचंही. साहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. तिला मात्र चांगलंच झापलं, की चोर बाटलीच्या चिठ्ठीवर पुन्हा खोटं लिहिलंस तर याद राख. आणि मग त्याच दमात म्हणाले, सोमवारपासून सही तुझी.

गोडाऊनमध्ये राखून ठेवलेला प्रत्येक टाकीचा नमुना तिनं मशीनवर लावला. माझ्या सहीच्या काही टाक्यांत ॲसिड कमी भरलं. तो माल परत मागवला. त्या स्लिपा मी स्वतः फाडल्या.

दिवाळीनंतर माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी काढली तेव्हा मी आधी ते ब्लाउजपीस मागितलं. गुलाबी होतं, चांगलं ठळक गुलाबी. आता मी पुन्हा अर्ध्या थेंबावर थांबते. तीही शिकलीय. हात अजून जड आहे तिचा, आणि हे तिला सांगायची एकही संधी मी सोडत नाही. चोर बाटली आम्ही आलटून पालटून करतो, एक शनिवार ती आणि एक शनिवार मी. एसीत मी आता स्वेटर घालत नाही.

हेवा गेला का? नाही गेला. मशीनचा गेला, एसीचा गेला, सहीचासुद्धा बराचसा गेला. पण दर शनिवारी साखरेचा डबा उघडला की तो पुन्हा उठतो. कारण मला पक्कं ठाऊक आहे, त्या शनिवारी तिच्या जागी मी असते तर चिठ्ठीवर खराच आकडा लिहिला असता. चांगल्या ठळक अक्षरात.